पावसाळ्यापूर्वी छपराची निगा

भारताच्या बहुतेक भागांत वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने छपराला उन्हात तापणे आणि रात्री निवणे एवढेच काम असते, आणि त्याची खरी झीज याच काळात, कोणाचे लक्ष नसताना, होते. चैत्र-वैशाखात पडलेल्या भेगा आषाढात गळू लागतात. म्हणूनच छपराची दुरुस्ती हे पावसाळ्याचे काम नसून उन्हाळ्याचे काम होय.

नैर्ऋत्य मोसमी वारे सामान्यतः १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते सारा देश व्यापतात. महाराष्ट्रातील शेतकरी हा हिशेब नक्षत्रांवर करतो. मृग नक्षत्र ७ जूनच्या आगेमागे लागते, आणि त्यापूर्वी घर शाकारून झाले पाहिजे, ही जुनी रीत वेधशाळेच्या तारखांशी चांगलीच जुळते. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र हे गणित लागू पडत नाही. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येतो, आणि चेन्नईच्या गच्चीची तपासणी सप्टेंबरात करावी लागते.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथे बरोबर १ लिटर पाणी जमते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी तेथील ६० चौरस मीटरच्या एखाद्या लहानशा छपरावर ५६,००० लिटरांहून अधिक, म्हणजे वजनाने ५६ टनांहून अधिक पाणी पडले असले पाहिजे. असा पाऊस नित्याचा नव्हे हे खरे. परंतु पाणी क्षणभरही न थांबता वाहून जाणे किती आवश्यक आहे, हे या आकड्यावरून ध्यानात येते.

पाण्याला तोंड देण्याच्या छपरांच्या दोन तऱ्हा आहेत. उतरते छप्पर पाण्याला थांबूच देत नाही. त्याच्या अंगी असंख्य फटी असल्या तरी चालते. सपाट छपराला ही सोय नाही. त्याला एकही फट परवडत नाही. पहिल्या तऱ्हेत उतार आणि सांध्यांची जागा सांभाळावी लागते, दुसरीत पृष्ठभाग आणि पाणी जाण्याची वाट.

कौलारू छप्पर हे पहिल्या तऱ्हेचे उत्तम उदाहरण होय. कुंभाराने चाकावर घडविलेली नळीची कौले उत्तर प्रदेश, बिहार आणि मध्य प्रदेशापासून कोकणापर्यंत शतकानुशतके वापरात आहेत. ती हलकी व ओबडधोबड असतात आणि केवळ स्वतःच्या वजनाने वाशांवर बसलेली असतात. माकडाची एक उडी किंवा मांजरांचे एक भांडण त्यांना हलवावयास पुरते. त्यामुळे ती दरवर्षी उतरवून, झाडून, फुटकी निवडून पुन्हा रचावी लागतात. हा त्रास कमी केला तो यंत्रावर दाबून केलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी. अशा कौलाची कल्पना फ्रान्समधील आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली प्रथम सिद्ध केली. भारतात बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून ‘मंगलोरी कौल’ हे नाव सर्वतोमुखी झाले.

या कौलाच्या कडेला असलेल्या खाचा व कंगोरे केवळ अडकविण्यासाठी आहेत असे पाहणाऱ्यास वाटते. त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले म्हणजे पाणी त्यांच्यामधील फटीत आपोआप वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसेच. फट अर्धा मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे ३ सेंटिमीटर उंची गाठू शकते, आणि छपराचा उतार ३० अंशांचा असेल तर तेवढ्या उंचीसाठी ते कौलावरून सुमारे ६ सेंटिमीटर मागे सरकते. खाच आली म्हणजे फट एकदम रुंद होते आणि पाण्याची ही चढण तेथेच तुटते. सिमेंटच्या छज्जाखाली कडेलगत जी बारीक पन्हळ कोरलेली असते, तिचेही कारण हेच.

यावरून कौले साफ करण्याचे मर्म उमगते. उन्हाळाभर खाचांत धूळ, पालापाचोळा आणि वाळलेले शेवाळे साचते. खाच भरली की फट पुन्हा अरुंद होते आणि अखंड दिसणारे छप्पर गळू लागते. अशा वेळी लोक कौले बदलतात, वास्तविक ती केवळ घासावयाची असतात. तारेच्या ब्रशापेक्षा काथ्याचा ब्रश बरा, कारण तारेने कौलाची भाजलेली साय खरवडली जाते आणि कौल अधिक पाणी पिऊ लागते. २.५ किलोग्रॅम वजनाच्या कौलाने आपल्या वजनाच्या १५ टक्के पाणी शोषले असे समजा. १ चौरस मीटरात सुमारे १५ कौले बसतात, तेव्हा तेवढ्या जागेवरील भार साडेपाच किलोग्रॅमांहून अधिक वाढतो. जुन्या वाशांना हा वाढीव भार संबंध पावसाळा वाहावा लागतो.

वासे तपासावयाचे ते वळचणीपासून. पागोळ्यांचे पाणी उडून वाशांची टोके ओली राहतात आणि तेथेच लाकूड प्रथम कुजते. चाकूचे टोक लाकडात सहज शिरले, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो वासा कुजला आहे किंवा त्यास वाळवी लागली आहे असे समजावे. घरात ओल जेथे दिसते त्याच्या नेमके वर छिद्र असतेच असे नाही. पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशाच्या अंगाने दोन-तीन हात खाली वाहते आणि मग एखाद्या गाठीपाशी टपकते. याकरिता मागील वर्षी ओल आलेल्या जागेपासून आढ्याकडे शोध घेत जावे. छपराची दोन पाखी आतल्या कोनात जेथे मिळतात, ती जागा सर्वांत आधी पाहावी. दोन्ही पाख्यांचे पाणी तेथे एकत्र येते आणि पालापाचोळाही तेथेच अडकतो.

गवत, भाताचा पेंढा किंवा नारळीचे झाप यांच्या छपरास तीव्र उतार हवा, सुमारे ४५ अंशांचा. पाणी पेंढ्याच्या वरच्या थरातूनच निथळून गेले पाहिजे. आतले थर कोरडे राहिले तरच छप्पर टिकते. झाप वर्षा-दोन वर्षांनी बदलावेच लागतात. या छपराचा मोठा शत्रू पाऊस नसून आग आहे. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पेंढ्यावर मातीचा न धुपणारा लेप देऊन त्याची आगीपासूनची भीती कमी करण्याची पद्धत विकसित केली आहे.

मातीच्या सपाट छपराविषयी अधिक विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे निगा राखण्याची रीतच घातक ठरू शकते. मराठवाडा, सोलापूर आणि लगतच्या कमी पावसाच्या प्रदेशांत लाकडी तुळ्या व फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन माळवद किंवा धाबे करतात. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या, खारट मातीचा नवा थर पसरून तो चोपण्याची प्रथा आहे. या प्रथेस शास्त्रीय आधार आहे. खारट मातीतील सोडियममुळे चिकणमातीचे सूक्ष्म कण भिजताच सुटे होतात, फुगतात आणि मातीतील छिद्रे बुजवून टाकतात. वरचा बोटभर थर ओला होतो व खाली पाणी जात नाही. शेतात जी माती निरुपयोगी, तीच छपरावर गुणकारी ठरते. शिवाय मातीच्या जाडीमुळे उन्हाळ्यात घर थंड राहते.

परंतु दरवर्षी नवी माती चढत जाते आणि जुनी कोणी उतरवीत नाही. मातीचे वजन घनमीटरास सुमारे १,६०० किलोग्रॅम धरले, तर ५ सेंटिमीटरांचा एक थर दर चौरस मीटरास ८० किलोग्रॅमांची भर घालतो. थर ५० सेंटिमीटर जाड झाला की भार ८०० किलोग्रॅम होतो. १२ चौरस मीटरांच्या एका खोलीवर ही माती साडेनऊ टनांहून अधिक भरते, आणि तिच्याखाली माणसे झोपलेली असतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरील माळवदे निजलेल्या लोकांवर कोसळली. सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाचा जोर पाहता ही हानी फार मोठी होती. तिचे एक प्रमुख कारण घरांची ही रचना होय. म्हणून जेथे माळवद आहे तेथे नवा थर घालण्यापूर्वी तेवढाच जुना थर खरवडून खाली उतरविणे हा नियमच असावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही. तुळई मध्यभागी वाकलेली दिसत असल्यास नवी माती मुळीच घालू नये.

लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची गच्ची आज शहरांत व खेड्यांतही सर्वत्र झाली आहे, आणि ती अमर आहे असा एक समज तिच्याबरोबर पसरला आहे. १० मीटर लांबीची गच्ची ३० अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ३ मिलिमीटर वाढते, निवल्यावर तितकीच आकसते. हा क्रम रोज चालतो. परिणामी कठड्याच्या भिंतीशी असलेला सांधा प्रथम उलतो. त्यातून शिरलेले पाणी सळ्यांपर्यंत पोचले की लोखंड गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, आणि तो आतून काँक्रीट फोडतो. छतावरून गिलाव्याचा पोपडा पडला व आत तांबडी सळी दिसली, तर त्यावर नुसता नवा गिलावा करणे म्हणजे रोग झाकणे होय. सैल भाग फोडून, सळी घासून, गंजरोधक लेप देऊन मगच दुरुस्ती करावी आणि वरील पाण्याची वाटही बंद करावी. बारीक भेगा रुंद करून, धूळ काढून, लवचीक मसाल्याने बुजवाव्यात. निव्वळ सिमेंटने भरलेली भेग पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

गच्चीवरील पाणी जाण्याचे तोंड तुंबणे हा दोष दिसावयास क्षुल्लक आहे. ५० चौरस मीटरांच्या गच्चीवर १० सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन ५ टन होते. ते चार घागरी पाणी ओतून मे महिन्यातच पाहावे: पाणी कोठे थबकते, किती वेळात जाते. साचलेल्या पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात डेंग्यू पसरविणारे डास तयार होतात, हेही विसरता येत नाही.

चुन्याचा कोबा असलेल्या जुन्या गच्च्या या बाबतीत अधिक सोशीक असतात. विटांच्या तुकड्यांत चुना घालून, त्यात गूळ व हिरड्याचे पाणी मिसळून, लाकडी थापीने दिवसचे दिवस चोपलेला तो थर काँक्रीटपेक्षा अधिक लवचीक असतो. त्यास चुन्याचाच लेप द्यावा. कोणत्याही गच्चीला उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारी-मार्चात, चुन्याचा पांढरा हात दिल्यास ऊन परतविले जाते आणि खालची खोली थंड राहते. अहमदाबाद शहरात २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरांवर हा उपाय योजण्यात आला.

पत्र्याच्या छपराला पावसापेक्षा वाऱ्याचे भय अधिक. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्यास खाली दाबीत नाही, वर ओढतो. ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात ही ओढ दर चौरस मीटरास ६५ किलोग्रॅम भाराइतकी होऊ शकते, आणि कडांवर व कोपऱ्यांवर त्याहूनही अधिक. ३ मीटर लांब व ८० सेंटिमीटर रुंद पत्र्याचे स्वतःचे वजन बारा-चौदा किलोग्रॅम. त्यावर ओढ दीडशे किलोग्रॅमांची. म्हणजे पत्रा जागेवर राहतो तो केवळ बोल्टांच्या बळावर. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ वादळात रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांचे पत्रे व कौले उडाली. ते वादळ पावसाळ्याच्या तोंडावरच आले होते. बोल्टांखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात. ते दरवर्षी पाहावेत, बोल्ट आवळावेत, आणि वळचणीच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला पत्रा तापून-निवून खिळे सैल करतो. पत्र्यावर दगड किंवा विटा ठेवण्याची पद्धत त्याज्य आहे. वादळात त्याच विटा माणसांच्या अंगावर येतात.

सिमेंटच्या पत्र्यांवर, विशेषतः जुन्या ॲस्बेस्टॉसच्या, कधीही थेट पाय देऊ नये. वरून तो भक्कम दिसतो, परंतु वर्षानुवर्षे उन्हापावसात राहून ठिसूळ झालेला असतो आणि माणसासकट खाली येतो. खालच्या आडव्या तुळयांवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापू अथवा कोरडा घासू नये. त्याचे अदृश्य तंतू श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन अनेक वर्षांनी प्राणघातक रोग उत्पन्न करतात.

छपरावर चढणाऱ्याने सकाळच्या उन्हात, सोबतीला खाली एक माणूस ठेवून चढावे. शिडीचा पाया भिंतीपासून तिच्या उंचीच्या सुमारे चौथ्या भागाइतका दूर असावा. कमरेचा दोर आढ्याला किंवा पक्क्या तुळईला बांधावा, आणि जवळून जाणाऱ्या विजेच्या तारा चढण्यापूर्वीच पाहून ठेवाव्यात. कौलांखाली विंचू असतो. उघड्या हाताने कौल उचलू नये. पाऊस सुरू झाल्यावर शेवाळलेल्या छपरावर चढण्याचा मोह टाळावा. तेव्हा गळती सापडली तर आतून छताला कोळशाची खूण करावी, खाली भांडे ठेवावे, आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. आश्विनात कोरडी हवा आली म्हणजे तीच खूण शोधकाचा पहिला धागा ठरते.