12 फुटी गल्ली, मागे 40 प्लॉट : रस्ता पुरणार का?

गावठाणाला लागून असलेल्या रानात प्लॉटिंग पडलं की पहिली चर्चा गुंठ्याच्या भावाची होते. रस्त्याचं फारसं कुणी विचारत नाही. कारण ब्रोशरवर 9 मीटरचा डांबरी रस्ता आणि दुतर्फा झाडं दाखवलेली असतात. पण तो रस्ता प्लॉटिंगच्या आतला! तिथपर्यंत जायची वाट बऱ्याच ठिकाणी गावातल्या जुन्या गल्लीतूनच असते, बैलगाडी निघेल एवढ्या हिशोबाने पडलेल्या.

आता साधं गणित करून बघा. 12 फूट म्हणजे साधारण 3.66 मीटर. मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रक जास्तीत जास्त 2.6 मीटर रुंद असू शकतो. असा ट्रक गल्लीत शिरला की दोन्ही बाजू मिळून जेमतेम साडेतीन फूट जागा उरते. त्यातूनच शाळेची पोरं, म्हातारी माणसं आणि जनावरं जाणार. दोन ट्रक एकमेकांना ओलांडायचे तर नुसत्या गाड्यांनाच 17 फूट लागतात.

त्यात हे 12 फूट कागदावरचे. प्रत्यक्षात कुणाचा ओटा पुढे आलेला, कुणाच्या पायऱ्या, मध्येच विजेचा खांब, रात्री दारात लावलेला ट्रॅक्टर. गल्ली इतर ठिकाणी 18 फूट असली आणि एका कोपऱ्यावर 9 फूट असली, तर मोठ्या गाडीसाठी ती 9 फुटीच. त्यामुळे टेप लावायचा तो सर्वात अरुंद जागेवर आणि वळणावर. सरळ गल्लीत निघणारी लांब गाडी काटकोनात अडकते.

चार-पाच घरांना अशी गल्ली चालून जाते. समोरून गाडी आली तर कुणीतरी थांबतं, ओळखीची माणसं असतात. 40 घरं झाली आणि प्रत्येक घराच्या रोज चार फेऱ्या धरल्या तर 160 फेऱ्या वाढतात. आणि खरा त्रास लोक राहायला येण्याआधीच सुरू होतो. मुरूम, वाळू, विटा, स्टील, स्लॅबच्या दिवशी मिक्सर, सगळं याच गल्लीतून. पेव्हर ब्लॉक खचतात, गटाराची झाकणं फुटतात, नळाची पाइपलाइन दबते. दुरुस्तीचं बिल शेवटी ग्रामपंचायतीकडे, म्हणजे गावाच्याच खिशातून.

सर्वात मोठा धोका मात्र रोजच्या गर्दीचा नाही. गल्लीच्या तोंडाशी डंपर फसलाय आणि आत कुणाला छातीत दुखतंय, किंवा घरात गॅसने पेट घेतलाय, अशा वेळी 108 ची गाडी किंवा अग्निशमनचा बंब आत पोचणार कुठून? म्हणून रुंदीइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या वाटेचा आहे. मागच्या बाजूने बाहेर पडायला रस्ता असेल तर एक बाजू जाण्याची, एक येण्याची ठरवता येते आणि अडचणीत पर्याय राहतो. एकच तोंड असलेल्या 12 फुटी गल्लीवर 40 घरं टाकणं सुरक्षित नाही, मग आतला रस्ता कितीही रुंद असू दे.

एक गैरसमज इथे हमखास होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडून बांधावरून रस्ता मिळतो, तो शेतात जाण्यायेण्यासाठी. अशा वाटेवर प्लॉटिंग उभं करायचं म्हटलं तर शेजारचा शेतकरी हरकत घेणारच. ‘रस्ता आहे’ एवढं ऐकून इसार देऊ नये. तो रस्ता कशासाठी, किती रुंद आणि कुणाच्या गटातून, हे विचारावं. मोबाईलवर महाभूनकाशा उघडून गट नकाशा बघता येतो, पण हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

गावाच्या हातातही बरंच आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढता येतं. अर्थात स्वतःच्याच भावकीचा ओटा काढायचा म्हटलं की ठराव पुढच्या मीटिंगवर जातो, हेही खरं. प्लॉटिंगवाला ग्रामपंचायतीकडे ना-हरकत मागायला आला, तर तीच विचारायची वेळ. दुसरी वाट कुठून देणार, बांधकामाच्या गाड्या कुठल्या वेळेत येणार, फुटलेली गल्ली कोण करून देणार आणि गटाराचं पाणी कुठे सोडणार, हे ग्रामसभेत लेखी घ्यावं. प्लॉट विकून झाल्यावर मालकाचा फोन लागेलच असं नाही.