जपानहून घरच्यांसाठी काय आणायचं? दहा हजार येनचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. विषय साधा आहे, पण ऑनसाइटला किंवा फिरायला जपानला गेलेला प्रत्येक जण शेवटच्या दोन दिवसांत यात अडकतो. घरी काय न्यायचं? आणि तेही कमी पैशांत?

आधी एक शब्द. प्रवासाहून आणलेल्या भेटीला जपानीत ‘ओमियागे’ म्हणतात. पूर्वी इसेच्या देवस्थानाची यात्रा सगळ्यांना परवडायची नाही. मग गावातले लोक वर्गणी काढून काही जणांना पाठवायचे आणि जाऊन आलेला माणूस मागे राहिलेल्यांसाठी तिथलं काहीतरी घेऊन यायचा. पंढरपूरहून आलेला माणूस चुरमुरे आणि बुक्का वाटतो ना, तसंच. प्रसाद केवढ्याचा हे कुणी विचारत नाही. आपल्यापर्यंत पोहोचला की नाही, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्यामुळे एकाला महागडी वस्तू आणि बाकीच्यांना काहीच नाही, असं करण्यापेक्षा थोडं थोडं सगळ्यांना, हे सूत्र धरा.

आधी यादी, मग दुकान

१०० येन म्हणजे ढोबळमानाने ६० रुपये धरा. म्हणजे दहा हजार येन साधारण सहा हजार रुपये झाले. मी त्याची वाटणी अशी करतो: घरातल्या चौघांना प्रत्येकी १००० येन, म्हणजे ४०००. आत्या, मामा, काका अशा सहा जणांना प्रत्येकी ५००, म्हणजे ३०००. उरलेल्या ३००० मध्ये शेजारी, मित्र आणि ऑफिससाठी वाटायचा खाऊ. जपानी खाऊच्या बऱ्याच बॉक्समध्ये प्रत्येक नग वेगळा पॅक केलेला असतो, त्यामुळे वाटायला सोपं जातं.

खाऊ घेताना पाकीट उलटं करा

आपल्याकडे सगळ्यात नाजूक मुद्दा हाच. आजी अंडं खात नसेल तर ‘त्यात काही नसतं गं’ म्हणून केक तिच्या हातात देऊ नका. तिचा तुमच्या शब्दावर विश्वास असतो, म्हणूनच ती खाते. प्रसिद्ध ‘टोकियो बनाना’च्या स्पंज केकमध्ये अंडं असतं. जपानमध्ये पॅकबंद पदार्थावर अंडं, दूध, कोळंबी, खेकडा यांचा उल्लेख सक्तीचा आहे. पण जिलेटिन, डुकराचं आणि गाईचं मांस यांचा ॲलर्जीच्या यादीतला उल्लेख ऐच्छिक आहे. म्हणून ती छोटी यादी बघून थांबू नका. फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा सगळ्या घटकांवरून फिरवा. तांदळाच्या कुरकुरीत सेन्बेईतसुद्धा माशाचा अर्क असू शकतो.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती ‘योकान’. अझुकी नावाचे लाल दाणे, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेलं अगार यांची ही वडी. चव आपल्या पुरणाच्या जवळची आणि पॅकबंद असेल तर बरेच दिवस टिकते. दुसरी ‘कोन्पेइतो’. ही दिसते हुबेहूब संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखी, आणि करतातही तशीच, गरम कढईत पाक पुन्हा पुन्हा चढवत. मूळ पदार्थ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तिथे नेला. आईला ही गोष्ट सांगा, अर्धा तास गप्पा होतील. तिसरा पर्याय साधा ग्रीन टी. योकान किंवा कोन्पेइतोमध्ये वेगळा स्वाद घातलेला असेल, तर घटक तपासाच.

उन्हाळ्यात मुंबईला उतरून रेल्वेने किंवा बसने संभाजीनगरला येणार असाल, तर चॉकलेट नकोच. ताज्या मोचीचीही तारीख बघा, ती दोन-चार दिवसांतच संपू शकते.

वापरात राहील अशी वस्तू

शोकेसमध्ये जाणारी वस्तू शोकेसमध्येच राहते. त्यापेक्षा ‘तेनुगुई’ घ्या. हा साधारण ३५ बाय ९० सेंटिमीटरचा पातळ सुती कपडा, म्हणजे जपानी पंचाच. लवकर वाळतो. आजोबांना काही समजावून सांगावं लागत नाही. वडिलांना चांगलं नेलकटर. मुलांना पेन आणि खोडरबर. लाइट गेल्यावर उपयोगी पडणारा घडीचा पंखा शंभर येनच्या दुकानात करासकट ११० येनला मिळतो.

पेनमध्ये एक सावधगिरी. पायलटच्या ‘फ्रिक्सियन’ पेनाची शाई घासल्यावर जाते, कारण ती साधारण ६० अंशांच्या उष्णतेला रंग सोडते. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर वही राहिली, तर लिहिलेलं गायब होऊ शकतं. परीक्षेसाठी आणि चेकसाठी तो पेन अजिबात नको.

अभ्यासाला बसलेल्या भावंडाला छोटा ‘दारुमा’ द्या. हा गोल बाहुला म्हणजे बोधिधर्म. मनात ध्येय धरून एक डोळा रंगवायचा, ते पूर्ण झालं की दुसरा. एमपीएससीवाल्यांना हे लगेच कळतं.

आणि आपल्या गावाशी जोडलेली भेट हवी असेल, तर टोकियोतल्या असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात जा. तिथली देवता कान्नोन, म्हणजेच अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. मंदिरातली कापडी ताईताची पिशवी, ‘ओमामोरी’, साधारण ५०० ते १००० येनला मिळते. ती उघडायची नसते, एवढं घरी सांगा.

हे टाळा

विजेवर चालणारी वस्तू. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तिथला साधा राइस कुकर इथे थेट लावला तर गेलाच. ‘१०० ते २४०’ लिहिलेला चार्जर चालतो.

‘मेड इन’ही बघा. शंभर येनच्या दुकानातला बराच माल चीनमध्ये बनलेला असतो, आणि काका वस्तू हातात घेतल्याबरोबर उलटी करून बघणारच. जपानमध्ये बनलेल्या मालासाठी ‘निहोन-सेई’ हा शब्द शोधा.

शेवटचं, कराचं. तिथे विक्रीवर १० टक्के कर आहे, खाद्यपदार्थांवर ८. पर्यटकांना एका दुकानात एका दिवसात ५००० येनच्या वर खरेदी केली तर करसवलत मिळते. म्हणून खरेदी एकाच दुकानात उरकलेली बरी. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा, अशी पद्धत आहे. तिथल्या ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना ही सवलत नाही, त्यामुळे ऑनसाइटवाल्यांनी कर धरूनच हिशोब करा.

निघण्याआधी फोनमध्ये नावांची यादी करा. नावासमोर दोनच गोष्टी लिहा: काय खात नाही आणि रोज काय वापरतं. दुकानात शिरल्यावर गोंधळ उरत नाही. भेटू पुढच्या एपिसोडला!