‘शकणे’ आणि ‘येणे’ यांतला फरक

स्वतंत्रपणे निर्णय घेणारी अनेक यंत्रे किंवा प्रोग्राम जिथे एकत्र वावरतात, ती बहुकर्ता प्रणाली. (इंग्रजीत या यंत्रांना ‘एजंट’ म्हणतात; पण ‘एजंट’ म्हटले की आपल्याकडे विमावाला आठवतो, व्याकरणातला ‘कर्ता’च बरा.) अशा प्रणालीत कोण काय घडवून आणू शकतो, हे सिद्ध करायला आकारिक तर्कशास्त्र लागते.

गोदामातल्या अरुंद बोळाच्या दोन टोकांना दोन यंत्रमानव उभे आहेत. दोघेही निघाले तर टक्कर, दोघेही थांबले तर काम ठप्प. टक्कर टाळण्याची हमी कोणीही एकटा देऊ शकतो. जागचे हलले नाही की झाले. पलीकडे पोहोचण्याची हमी मात्र एकट्याच्या हातची नाही. दोघांनी पाळी ठरवली तरच तेही साधते. राजीव अलूर, थॉमस हेन्झिंगर आणि ओर्ना कुप्फरमन यांनी १९९७ मध्ये मांडलेले ‘ऑल्टरनेटिंग-टाइम टेम्पोरल लॉजिक’ नेमके हेच विचारते: बाकीचे कसेही वागले तरी अमुक गोष्ट घडेलच, असा डाव या गटाकडे आहे का? सगळ्या अवस्था आणि खेळी मांडून दिल्या की संगणक उत्तर शोधतो, तेही झटपट.

मेख पुढे आहे. समजा, तीन आकडी कुलूप आहे आणि प्रयत्न एकच. हजारांतला एक क्रमांक बरोबर आहे; तो यंत्राला ठाऊक नाही, पण दाबायला त्याला कोणी अडवलेलेही नाही. म्हणून या तर्कशास्त्राच्या हिशेबी यंत्र कुलूप उघडू ‘शकते’. मराठी माणूस मात्र त्याला कुलूप उघडता ‘येते’ असे म्हणणार नाही. पोहता येण्यात, सायकल चालवता येण्यात जे जाणणे गृहीत असते, ते या तर्कशास्त्राच्या सूत्रात नाही.

विब व्हान डर हूक आणि मायकेल वुल्ड्रिज यांनी ही उणीव भरायला सूत्रात ज्ञानाचे चिन्ह आणले. तरीही ‘बरोबर क्रमांक आहे, हे यंत्राला ठाऊक आहे’ एवढेच म्हणता आले. कोणता, ते राहिलेच. मग अट कडक झाली: ज्या स्थिती यंत्राला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्या सगळ्यांत एकच खेळी यशस्वी व्हायला हवी. कुलपाच्या हजार शक्यतांत असा एक क्रमांक नाही, म्हणून उत्तर ‘नाही’.

या अचूकतेची किंमत जबर आहे. अपुऱ्या माहितीवर चालणारे, पण आधीचे सगळे लक्षात ठेवणारे अनेक कर्ते एकत्र आले, तर अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हमखास देणारी संगणकीय रीत अस्तित्वातच नाही, हे गणिताने सिद्ध झाले आहे.