उभ्या कॅरॅव्हॅनची राखण

ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडून ओढायच्या कॅरॅव्हॅन बहुधा हिवाळाभर घरासमोर किंवा भाड्याच्या आवारात उभ्या असतात. अशा कॅरॅव्हॅनला इंजिन नसते. तिचा जोड कुणाच्याही गाडीच्या गोळ्यावर बसवला की ती निघाली. म्हणून पहिले कुलूप त्या जोडाला. दुसरे चाकाला, म्हणजे चाक फिरणारच नाही. दोन्ही असली की चोराचा वेळ मोडतो, खटपटीचा आवाजही होतो.

आपोआप घरंगळण्याचा धोका वेगळा. जागा सपाट हवी, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे हवेत. चार कोपऱ्यांचे पाय डुगडुग थांबवण्यापुरते असतात; ते जॅक नव्हेत. महिनोन्‌महिने हँडब्रेक ओढून ठेवला, तर दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटू शकतात. त्यामुळे ठोकळे पक्के बसवून ब्रेक सोडून ठेवतात.

या कॅरॅव्हॅनला स्वतःचा नंबर नसतो. मागच्या पाटीवर ओढणाऱ्या मोटारीचाच नंबर येतो. ही उणीव भरून काढायला १९९२ पासून ‘क्रिस’ ही नोंदणी आहे. तिचा १७ अक्षर-अंकांचा क्रमांक चॅसिसवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. वापरलेली कॅरॅव्हॅन घेताना हे क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहा. कुठे खाडाखोड दिसली तर व्यवहार करू नका.