विश्लेषण : अंगणवाडीच्या आहाराचा हिशेब कोणी द्यायचा?

अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार (टीएचआर) हवा असेल तर आता चेहऱ्याची ओळख पटावी लागते. सेविका मोबाइलवर आईचे छायाचित्र काढते आणि ते आधार पडताळणीच्या नोंदीशी जुळले की पाकीट हाती पडते. केंद्राने १ जुलै २०२५ पासून ही पद्धत सक्तीची केली. सरकारी पैशातला घास भलत्याच्या तोंडी जाऊ नये, हा हेतू रास्त आहे. पण ही पाकिटे पुरवायचा ठेका कोणाला आणि कसा मिळतो, याचा छडा लावायला याच राज्यात न्यायालयाची अनेक वर्षे गेली. तपासणीची एवढी तत्परता एकाच टोकाला का?

मुलाचा हक्क नेमका किती?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने त्यांतला आहार हा सरकारच्या मर्जीचा विषय राहिला नाही, तो मुलाचा हक्क झाला. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे २०१३ मध्ये त्या कायद्यात ठरले होते. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाकीट घरी दिले जाते, तर त्यावरच्या मुलांना अंगणवाडीतच गरम ताजा आहार मिळतो. गर्भवती आणि स्तनदा मातांचाही त्यात समावेश आहे.

खर्चाचा दर २०१७ मध्ये ठरला, तो प्रत्येक मुलामागे दिवसाला ८ रुपये. वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,४०० रुपये. हा भार केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. किराणा दुकानात एका अंड्याला किती पडतात, ते आठवून पाहावे. एका मुलाचा आकडा असा किरकोळ दिसतो, पण राज्यभरातील मुलांची बेरीज केली की तीच रक्कम हजारो कोटींच्या कंत्राटाची होते.

ठेकेदारांना मनाई असताना ठेके कसे गेले?

अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट बजावले होते, की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत. धान्य खरेदी आणि स्वयंपाक गावातले लोक, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत व्हावा. त्यामागचा विचार साधा होता. गावातल्याच बायकांनी शिजवले तर पोरांच्या ताटात काय पडते हे गावाला दिसते, आणि खिचडीत अळी निघाली तर जाब विचारायला कोणाचे दार ठोठवायचे तेही ठाऊक असते.

महाराष्ट्रात या आदेशातली ‘महिला मंडळे’ उरली, विचार मात्र निसटला. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ मध्ये अहवाल दिला, की राज्यात मोठा पुरवठा मिळवणाऱ्या महिला संस्थांच्या आडून प्रत्यक्षात खासगी कंपन्या काम करतात. त्याआधी २००९ मध्ये आहाराचे निकष बदलले होते. पाकिटात सूक्ष्म पोषक घटक असावेत, असे ठरले. त्यात गैर काही नव्हते. पण त्याच आधारे निविदांत यंत्रसामग्री आणि उलाढालीच्या अटी आल्या. चुलीवर शिरा करणाऱ्या दहा-बारा जणींच्या गटाकडे कोट्यवधींची उलाढाल कुठून येणार?

२०१६ च्या निविदेविरुद्ध काही बचत गट न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे रद्द झाली. निविदेच्या अटी मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या आणि बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या, असे न्यायालयाला आढळले. चार आठवड्यांत नव्या निविदा काढण्यास राज्याला सांगण्यात आले. २००४ चा आदेश ते २०१९ चा निकाल, म्हणजे १५ वर्षे. तेवढ्या काळात अंगणवाडीतले मूल दहावी ओलांडते.

जबाबदारीचे ओझे कोणावर?

केंद्राने १ मार्च २०२१ रोजी ‘पोषण ट्रॅकर’ ॲप आणले. वजन, उंची, हजेरी, आहारवाटप असे सगळे सेविकेने त्यात भरायचे. महाराष्ट्रात सेविकांना दिलेले सरकारी फोन तोवर जुने झाले होते, त्यांची मेमरी अपुरी पडत होती आणि ॲप इंग्रजीत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. आंदोलन तसे विलक्षण होते. काम नाकारले नव्हते, काम मोजायचे यंत्र तेवढे नाकारले होते.

या सेविका कायद्याने कर्मचारी नाहीत, त्या ‘मानधनी’. केंद्राच्या दरानुसार सेविकेला महिना ४,५०० रुपये, तेही २०१८ पासून तेवढेच. राज्य त्यात आपली भर घालते. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात म्हटले. तरीही मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी राज्यातील सेविका डिसेंबर २०२३ पासून ५० दिवसांहून अधिक काळ संपावर होत्या.

चेहरा जुळला नाही तर दोष सेविकेचा, ओटीपी आला नाही तर बोलणी सेविकेलाच. मेळघाटात, धडगावला किंवा मोखाड्यात रेंजसाठी टेकडी चढणे नवे नाही. बीडच्या तांड्यावर दिवाळीनंतर वेगळाच पेच असतो. आई उसाच्या फडावर गेलेली, बाळ आजीजवळ आणि नोंद आईच्या चेहऱ्याची. आणि चेहरा जुळला तरी त्यातून एवढेच कळते, की पाकीट कोणी तरी घेतले. आत काय होते, मुलाने ते खाल्ले का, की चव न आवडल्याने ते शेळीपुढे गेले, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

आहार मिळालाच नाही तर दाद कुठे?

सेविका, पर्यवेक्षिका, बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग अशी ही नेहमीची चढण आहे. अन्नसुरक्षा कायद्याने वेगळी वाटही दिली आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग. कलम ८ म्हणते, हक्काचे धान्य वा आहार मिळाला नाही तर राज्याने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा. कलम २८ मध्ये सामाजिक लेखापरीक्षण आहे, म्हणजे गावासमोर हिशेब मांडणे.

दंडाची तरतूद कलम ३३ मध्ये आहे. जिल्हा तक्रार अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा सबळ कारणाशिवाय न देणाऱ्या लोकसेवकाला आयोग जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड करू शकतो. नीट वाचले तर दंड आहार न दिल्याचा नाही, सुचवूनही दिलासा न दिल्याचा आहे. म्हणजे आधी कोणी तरी लेखी तक्रार केली पाहिजे, ती ग्राह्य धरली गेली पाहिजे आणि नंतर दुर्लक्षिली गेली पाहिजे. आणि ८ रुपयांच्या पाकिटासाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जाणारी आई किती वेळा जाईल?

पाकीट आले नाही, चेहरा जुळला नाही म्हणून परत पाठवले किंवा आहार खराब निघाला, तर तारीख, अंगणवाडीचा क्रमांक आणि पाकिटाचे छायाचित्र जोडून दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि पोच मागून घ्यावी. अर्ज सेविकेच्या विरोधात नको. पुरवठा कधी आणि किती आला, हे प्रकल्प कार्यालयाला विचारावे. बहुतेक वेळा सेविकेलाही हेच विचारायचे असते.