डोलवीचा हिवाळा रात्रीत मोजावा

डोलवीला थंडी पडते म्हणणं जरा धाडसाचंच. डिसेंबरात पहाटे गोधडी लागते आणि अकरा वाजता घाम फुटतो. धरमतरची खाडी पारा फार उतरू देत नाही. तरी वाल शेंगांनी लगडतो, शिवारात शेंगा भाजायच्या पोपटीचा धूर निघतो. मग वालाला हिवाळा कळतो कशावरून?

रात्रीच्या लांबीवरून. इथे डिसेंबराच्या उत्तरार्धात दिवस साधारण 11 तासांचा, रात्र 13 तासांची. फुलोरा दिवसमानावर ठरतो, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 साली दाखवलं. झाड खरं तर सलग अंधार मोजतं, हे पुढे उमगलं. पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो हिशेब ठेवतं. म्हणून लांब रात्र हवी असलेला गावठी वाल पावसाळ्यात लावला तर नुसता वेल माजतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर पेरला की वेळेत फुलतो, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्रही मिळवून देतात.

कांद्याचं गणित उलटं. त्याला गड्डा धरायला ठरावीक उजेड लागतो. युरोपातल्या अनेक जातींना 14 ते 16 तास हवेत; आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास. ते बी इथे लावलंत तर पातच खावी लागेल! 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा मात्र आपल्या लहान दिवसांतच पोसतो.

फ्लॉवर वेगळा, तो खरोखर थंडी मागतो. उशिरा येणाऱ्या गरव्या जातींचा नाद सोडावा, लवकर येणारी हळवी जात घ्यावी. उकाड्यात गड्डा विस्कटतो, मधून पानं डोकावतात.

आपल्या खाडीकाठच्या खारेपाटात मात्र खरी परीक्षा मिठाची. पावसाने खाली धुतलेलं मीठ, जमीन सुकू लागली की ओलीबरोबर वर चढतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि वाफ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. यावर स्वस्त उपाय घरातच असतो: भाताचा पेंढा. वाफ्यावर चार बोटं अंथरला की बाष्पीभवन मंदावतं, मीठही कमी चढतं. खारट कोपऱ्यात पालक, बीट लावा. वाल आणि कांदा तिथे नकोत.

आणि वालाच्या मांडवावर अंगणातला दिवा रात्रभर जळत असेल, तर तो तेवढा विझवा.