भूल उतरताना...

"ऑपरेशन छान झालं," असं डॉक्टरांनी सांगितलं की आईचा जीव भांड्यात पडतो. पण मूल काही लगेच बाहेर आणत नाहीत. मग पुन्हा घालमेल. मैत्रिणींनो, आत तेव्हा फार महत्त्वाचं काम चाललेलं असतं. भूल उतरताना मुलाची श्वासाची वाट मोकळी ठेवण्याचं!

लहान मुलाची श्वासनलिका बारीक आणि जीभ त्या मानाने मोठी. गुंगीत ती मागे पडते. लाळ किंवा रक्त स्वरयंत्रावर आलं, तर तिथले स्नायू आवळून वाट बंदही होऊ शकते. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर तर जास्तच जपावं लागतं. म्हणून मुलाला कुशीवर निजवतात, जबडा पुढे उचलून धरतात, लाळ नळीने ओढून घेतात, ऑक्सिजन देतात. बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन किती ते दाखवत राहतो.

मूल बाहेर आल्यावर रडतं, हातपाय झाडतं, कधी आईलाही ओळखत नाही. घाबरू नका, बहुतेक वेळा थोड्या वेळात शांत होतं. मात्र घरघर, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा.

आपलं खरं काम मात्र आधीच असतं. न्हावा शेव्यासारख्या ठिकाणाहून पनवेलला नाहीतर मुंबईला जायचं, नवऱ्याने बंदरातल्या कामावरून रजा काढलेली, आणि आदल्या दिवशी मुलाला सर्दी! तारीख जाईल म्हणून ती लपवावीशी वाटते. तसं करू नका. सर्दीत श्वासनलिका हुळहुळी झालेली असते, वाट आवळण्याचा धोका वाढतो. गेल्या दोन आठवड्यांतला खोकला, दमा, रात्रीचं घोरणं, हलणारा दात, घरातली विडी-सिगारेट, सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. "एकच बिस्कीट खाल्लं" हेसुद्धा! पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास आधी बंद करतात. पाणी कधीपर्यंत चालेल, ते विचारून घ्या.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून न्हावा शेव्याकडे गाडीने लवकर येता येतं. पण परतताना पेंगुळलेल्या मुलाची हनुवटी छातीवर पडू देऊ नका. शेजारी एक मोठं माणूस हवंच.

तारीख काय, पुन्हा मिळते. तेव्हा खरं तेच सांगा.